शून्य गेले कोठे?

काही महिन्यांपूर्वी झाशीच्या आमच्या कार्यालयातून अर्जदारांना गेलेल्या पत्रांवर दूरध्वनीचा संकेतांक ०५१० ऐवजी ३२८ असा छापला गेला. मूळ यादीच्या मुद्रित प्रतीवर ‘मान्य’ हा शेरा माझाच होता आणि त्या प्रतीत ०५१० असेच स्वच्छ लिहिलेले होते. संगणकाचे काम पाहणारा तरुण म्हणाला, ‘सर, फाइल में तो सही है.’ त्याचे म्हणणे खरे होते.

ती फाइल यॅमल नावाच्या पद्धतीने लिहिलेली होती. एका प्रणालीतील माहिती दुसरीस देताना ती माणसालाही वाचता यावी अशा साध्या मजकुरात मांडण्याची ही रीत २००१ पासूनची. नावापुढे अपूर्णविराम, मग मोकळी जागा, मग मूल्य. यादीतील प्रत्येक नोंदीपूर्वी आडवी रेघ. आणि कोणती नोंद कोणाच्या पोटात, हे ओळीच्या आरंभी सोडलेल्या जागेवरून ठरते. ती जागा टॅबच्या कळीने सोडलेली चालत नाही, हे मला दोन संध्याकाळी घालवून कळले. झाशीत मराठी अमलात दफ्तर मोडीत चाले. मोडीत शब्दांमध्ये जागाच सोडत नसत. शब्द कोठे तुटतो हे वाचणाऱ्याने जाणायचे. इथे नेमके उलट, रिकामी जागाच अर्थ सांगते.

एवढे व्याकरण लवकर येते. घात पुढे आहे. या पद्धतीच्या १.१ आवृत्तीत शून्याने सुरू होणारी, केवळ ० ते ७ अंकांची संख्या अष्टमान समजली जाते. म्हणून ०५१० म्हणजे पाच वेळा चौसष्ट अधिक एक वेळा आठ, अर्थात ३२८. पुण्याचा ०२० असाच १६ होतो. संख्येत आठ किंवा नऊ आला तर ती सुटते, त्यामुळे नमुन्यादाखल केलेल्या तपासणीत दोष सापडेलच असे नाही. २००९ च्या १.२ आवृत्तीने हा नियम बदलला. पण जुन्या नियमाने वाचणाऱ्या प्रणाली आजही वापरात आहेत. उपाय क्षुल्लक आहे: संकेतांक अवतरणचिन्हांत लिहावा, की तो संख्या न राहता मजकूर होतो.

हे तंत्रज्ञांचे काम, आपण कशाला शिकावे, असे माझे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, २०२१-२२ या कर निर्धारण वर्षापासून आयकराचीही, याच कुळातील जेसॉन या पद्धतीने भरली जातात. उद्या पात्रतेच्या अटी आणि अनुदानाचे दरही अशाच फाइलींत असतील, आणि त्यांवर सही आपलीच असेल. कोषागारात देयकावरील रक्कम अंकी व अक्षरी अशी दोनदा लिहिण्याचा आग्रह आपण धरतो, तो आकड्यावर एकट्याने विसंबता येत नाही म्हणूनच. अवतरणचिन्ह हे मला त्या अक्षरी रकमेचेच भावंड वाटते. शिवाय माणसाला दिसते ते आणि यंत्र समजते ते, या दोन्हींची प्रत टिपणीसोबत लावल्यावाचून मान्यता देऊ नये, असे माझे मत झाले आहे. यात वेळ जातो हे कबूल. चुकीचा क्रमांक फिरवणाऱ्या अर्जदाराचाही गेलाच होता.

गेल्या आठवड्यात कार्यालयांची नवी यादी आली. तीत झाशी अवतरणचिन्हांत होती, पुणे उघडेच होते. मी ती परत पाठवली.