सर, डिरेक्टरी एक्झिक्यूट कशी करतात?

"एक्स म्हणजे काय?"
"एक्झिक्यूट, सर."
"बरं. मग ही डिरेक्टरी एक्झिक्यूट करून दाखव."

ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्हायवाला एक्स्टर्नलनी एवढंच विचारलं आणि माझी बत्ती गुल! वास्तविक जर्नलमध्ये आर-डब्ल्यू-एक्सचा झकास तक्ता होता, खाली सहीसुद्धा होती. तो मी मित्राच्या जर्नलवरून उतरवला होता आणि त्याने सीनियरच्या. सीनियरने कुठून उतरवला हे आता इतिहास संशोधकांनीच शोधावं.

व्हायवा हसण्यावारी गेला. पुढच्या सेमिस्टरला मात्र हसू पळालं. मिनी प्रोजेक्टसाठी लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर आम्ही डिरेक्टरी केली आणि ग्रुपमधल्या चौघांना लिहिता यावं म्हणून तिला सरळ ७७७ देऊन टाकलं. फायनल रिपोर्टची फाईल मात्र ४४४, म्हणजे कुणीच बदलायची नाही. सबमिशनच्या आदल्या दिवशी फाईल गायब! दुसऱ्या ग्रुपच्या कुणीतरी डिस्क भरली म्हणून 'जुन्या' फाईली साफ केल्या होत्या. रात्रभर जागून रिपोर्ट पुन्हा टाईप केला.

आमचं चुकलं कुठे? युनिक्सच्या घराण्यात फाईल उडवणं म्हणजे फाईलमध्ये काही लिहिणं नव्हे, तर डिरेक्टरीच्या यादीतून तिचं नाव खोडणं. त्यासाठी डिरेक्टरीवर डब्ल्यू आणि एक्स हवं, फाईलची परवानगी तिथे कुणी विचारत नाही. आम्ही पेटीला कुलूप लावलं आणि खोली उघडी टाकली, नेणाऱ्याने पेटीच उचलून नेली. ७७७ च्या जागी १७७७ दिलं असतं तरी निभावलं असतं. त्या पुढच्या १ ला स्टिकी बिट म्हणतात. तो असला की फाईलचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि रूट यांच्याशिवाय कुणी ती उडवू शकत नाही. सगळ्यांना खुल्या असलेल्या टेम्प डिरेक्टरीवर तो म्हणूनच असतो.

मित्रांनो, माझं म्हणणं इतकंच, की हा विषय पाठ करायचा नाही, करून बघायचा आहे. आर-डब्ल्यू-एक्सच्या आठ जोड्या घ्या आणि प्रत्येकीवर चार कामं करा: नावं बघणं, माहीत असलेली फाईल उघडणं, नवी फाईल करणं, जुनी उडवणं. झाले ३२ चौकोन. आधी पेन्सिलीने अंदाज लिहा, मग कमांड मारा. नुसता आर दिला तर नावं दिसतात, पण एलएस -एल केलं की साईज-तारखेच्या जागी प्रश्नचिन्हं. नुसता एक्स दिला तर नावं दिसत नाहीत, पण नाव ठाऊक असलेली फाईल मजेत उघडते. एक्स म्हणजे आत जायची वाट, हे एक्स्टर्नलना द्यायचं उत्तर! नुसत्या डब्ल्यूने तर काहीच होत नाही. फक्त हे सगळं साध्या युजरने करा. रूटला या परवानग्या अडवतच नाहीत, त्यामुळे सगळं 'पास' दिसेल आणि तुम्ही फसाल.

मग तेच विंडोजवर करा. तिथे फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीची खूण करून बघा: आत नवी फाईल आरामात होते, कारण फोल्डरसाठी ती खूण बंधन नाहीच. खरी परवानगी सिक्युरिटीच्या टॅबमध्ये. तिथेही गंमत आहे. फाईलवर तुम्हाला स्वतंत्र परवानगी असेल आणि पूर्ण पाथ माहीत असेल, तर वरच्या फोल्डरला मनाई असूनही फाईल उघडते, कारण मधले फोल्डर ओलांडायची मुभा विंडोज मुळातच सगळ्यांना देतं. लिनक्सवर मधल्या एका डिरेक्टरीचा एक्स काढला की वाट बंद. शेवटी फॅट फॉरमॅटचा पेनड्राइव्ह लावा. त्यात मालक आणि परवानग्या लिहून ठेवायला जागाच नाही. लिनक्सवर जे दिसतं ते माऊंट करताना ठरलेलं असतं.

"नोकरीत हे कोण विचारतो?" असं म्हणाल. विचारत नाही कुणी, भोगावं लागतं. पायथनमध्ये डिरेक्टरी बंद करायला सीएचमॉडची एक ओळ लिहिली की लिनक्सवर काम फत्ते. तीच ओळ विंडोजवर फक्त रीड-ओन्लीची खूण बदलते. एररही येत नाही! प्रोग्रॅम लिहिणारा निवांत, आणि फोल्डर उघडा.

म्हणून सरांना विनंती: तक्ता उतरवायचं प्रॅक्टिकल बंद करा आणि हे ३२ चौकोन द्या, लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर. चुकलेल्या अंदाजाचे मार्क कापू नका, 'का चुकला' याला मार्क द्या. आणि ज्युनियर्सना एक सल्ला: माझं जर्नल मागायला येऊ नका. त्यात अजूनही एक्स म्हणजे एक्झिक्यूटच लिहिलंय, सहीसकट!