डबा, बाटली आणि कायदा

परवा वस्तीत गेले तेव्हा एका घरी चार महिन्यांच्या मुलीची बाटली भरणं चाललं होतं. पाणी पिंपातलं. पावडर सांगितल्यापेक्षा एक चमचा कमी. "डबा महिनाभर पुरवायचा आहे ताई," आई म्हणाली. डब्याचं नाव बाळंतपणाच्या दवाखान्यातच चिठ्ठीवर मिळालेलं.

कायदा आहे, मैत्रिणींनो. १९९२ साली झाला, २००३ मध्ये आणखी कडक केला गेला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या डब्यांची नि बाटल्यांची जाहिरात करता येत नाही. डब्यावर बाळाचं किंवा बाईचं चित्र चालत नाही. कंपनीने आरोग्य कर्मचाऱ्यांना पैसे, भेटी देणं हा गुन्हा आहे. कागदावर उत्तम! पण चिठ्ठ्या कोण तपासतं?

शिवाय ही पावडर निर्जंतुक नसते. पाणी उकळून, ते ७० अंशांखाली उतरायच्या आत पावडर कालवावी, मग दूध निववून पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्येच सांगितलं. ही सूचना प्रत्येक डब्यावर ठळक मराठीत छापण्याची सक्ती हवी.

'अंगावरच पाज' असं त्या आईला सांगायला माझी जीभ रेटेना. सकाळी सातला ती धुण्याभांड्याला बाहेर पडते. बाळंतपणाची रजा २०१७ मध्ये २६ आठवडे झाली, ती नोकरदार बाईची. हिला एक दिवसही नाही.

आमच्या गटाने बाळंतिणींकडच्या अशा चिठ्ठ्या जमवायला घेतल्या आहेत. तुमच्या भागात मिळाल्या तर फेकू नका, तारीख घालून ठेवा.