विश्लेषण : यकृताच्या शिरेत गुठळी, की स्कॅनची घाई?

सीटी स्कॅनमध्ये यकृताची शीर काळपट दिसली, तर तिच्यात गुठळी आहे की कॉन्ट्रास्ट अजून पोहोचलेलेच नाही? उत्तर चुकले तर एका रुग्णाला गरज नसताना रक्त पातळ करणारी औषधे सुरू होतात आणि दुसऱ्याची खरी गुठळी नजरेतून सुटते. ही चूक टाळण्याचे बरेच उपाय आहे त्या यंत्रातच आहेत.

शिरा बंद झाल्यास काय होते?

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून येते. ती तुंबली की अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि रक्ताच्या उलट्या होऊ शकतात. भारतात लहान मुलांमधील अशा उलट्यांचे हे एक प्रमुख कारण आहे. रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेन बंद झाल्या तर बड-किआरी सिंड्रोम होतो. यकृत सुजते, पोटात पाणी साठते. पहिली तपासणी डॉपलर सोनोग्राफीची असते. मात्र पोटातील वायू किंवा चरबी आड आली की सीटी स्कॅनचा आधार घ्यावा लागतो.

वेळेचे गणित का बिघडते?

हाताच्या शिरेतून दिलेले आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट आधी धमन्यांत आणि साधारण ७० सेकंदांनी पोर्टल व्हेनमध्ये ठळक दिसते. हिपॅटिक व्हेन त्यानंतर भरतात. मुळात रक्तप्रवाहच मंद असेल तर आणखी उशीर होतो. पोटातील महाशिरेत आणखी एक फसगत असते. मूत्रपिंडांकडून कॉन्ट्रास्टयुक्त रक्त लवकर येते, पायांकडून येणारे रक्त मात्र साधेच असते. दोन्हींच्या मिश्रणाचा डाग गुठळीसारखा दिसतो. सुमारे तीन मिनिटांनी पुन्हा प्रतिमा घेतली की हा डाग बहुधा नाहीसा होतो. खरी गुठळी तशीच राहते.

व्होल्टेज कमी केल्याने काय साधते?

नेहमीच्या १२० ऐवजी ८० ते १०० किलोव्होल्टवर स्कॅन केल्यास शिरा अधिक उजळ दिसतात. ३३ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जरा वरच्या ऊर्जेचे क्ष-किरण आयोडीन विशेष शोषते आणि व्होल्टेज घटवले की किरणांची सरासरी ऊर्जा त्या पातळीकडे सरकते. त्यामुळे कमी कॉन्ट्रास्टमध्येही काम भागू शकते. प्रतिमा मात्र दाणेदार होते. तो दाणेदारपणा संगणकीय प्रक्रियेने कमी करता येतो, तरी स्थूल रुग्णांत ही पद्धत अपुरी पडते.

नवे यंत्र हवेच का?

ड्युअल एनर्जी स्कॅनर कमी ऊर्जेवरची प्रतिमा नंतर संगणकावर तयार करू शकतात. फोटॉन काउंटिंग सीटीला अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये मान्यता दिली. दोन्ही उपयुक्त आहेत, पण महागही. आणि स्कॅन चुकीच्या क्षणी घेतला तर कोट्यवधींचे यंत्रही रिकामी शीरच दाखवणार.

म्हणून पहिली सुधारणा कागदावर हवी. चिठ्ठीवर केवळ ‘पोटाचा सीटी’ न लिहिता ‘यकृताच्या शिरांची शंका’ असे डॉक्टरांनी लिहावे. स्कॅन सेंटरने उशिराची प्रतिमा घ्यावी की नाही, हे त्यावरून ठरवावे. तिच्यामुळे किरणांची मात्रा वाढते, त्यामुळे ती सरसकट नको. प्रतिमा किती सेकंदांनी घेतली, हेही अहवालात नोंदवावे. याला खर्च नाही. तरीही ते होत नसेल, तर अडचण यंत्राची नाही, शिस्तीची आहे.