स्विंग बघा, शर्ट नको!

गोल्फ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? कडक इस्त्रीची पॅन्ट, पांढरा हातमोजा आणि क्लबातले साहेबलोक. माझ्याही तेच यायचं. मग ऑनसाइटला कॅनडात, वॉटर्लूला होतो तेव्हाची गोष्ट. शनिवार, बाहेर मायनस वीस, हातात मॅगीचा बाउल आणि यूट्यूबवर अचानक समोर आला मो नॉर्मन. शेजारच्याच किचनर गावचा, जन्म १९२९चा.

पाय फाकवलेले, हात काठीसारखे ताठ, क्लब चेंडूच्या चक्क फूटभर मागे टेकवलेला. कुठलाही कोच म्हणेल, बाळा, आधी उभं राहायला शीक! आणि फटका? सरळ. पुढचा? सरळ. त्याच्या पुढचाही सरळ. 'पाइपलाइन मो' हे नाव उगाच नव्हतं पडलं. बोलताना मात्र एकेक वाक्य दोन-दोनदा म्हणायचा. रात्री दोनपर्यंत बघत बसलो राव.

१९५५ आणि १९५६, लागोपाठ दोन वर्षं हा माणूस कॅनडाचा हौशी विजेता. १९५९ मध्ये अमेरिकेच्या टूरवर गेला. तिथे चर्चा कशाची? त्याच्या कपड्यांची, दातांची, विचित्र चाळ्यांची. बिचारा परत आला आणि पुढे मुख्यतः कॅनडातच खेळला.

लोक म्हणतात, स्वभावाने घात केला त्याचा. साफ चूक! घात केला बघणाऱ्यांनी. आता कोणी म्हणेल, अहो, स्पॉन्सर असतात, प्रेक्षक असतात, काही शिस्त नको का? मान्य. पण गोल्फमध्ये निदान स्कोअर तरी असतो. काम आकड्यांत दिसत असतानाही लोक दात बघत बसले, तर जिथे आकडाच नाही तिथे काय होत असेल?

काय होतं ते मला माहीत आहे. आमच्या टीममध्ये एकजण होता. क्लायंटसमोर त त प प, मीटिंगमध्ये नजर खाली. पण रात्री तीनला प्रॉडक्शन बोंबललं की फोन त्यालाच. अप्रेझलच्या वेळी मॅनेजर मला म्हणाला, "याचं कम्युनिकेशन वीक आहे, बरोबर ना?" मी मान डोलावली. माझंही प्रमोशन त्याच बैठकीत ठरणार होतं. मला मिळालं. दोन महिन्यांनी त्याने पेपर टाकले.

१९९५ मध्ये टायटलिस्ट कंपनीने मोला तहहयात दरमहा ५,००० डॉलर सुरू केले. तेव्हा तो पासष्टीचा होता. २००४ मध्ये गेला. टायगर वूड्सच्या मते स्वतःच्या स्विंगवर खरी मालकी असलेले खेळाडू दोनच, बेन होगन आणि मो. छानच. पण अमेरिकेतून परतल्यावर ३६ वर्षांनी आलेल्या चेकने तो टूर परत मिळत नाही.

असो. पुढच्या अप्रेझलला तुम्हाला कोणी "बरोबर ना?" विचारलं, तर तोंड उघडून "नाही" म्हणा. मी म्हणालो नव्हतो.