चेहऱ्यामागचे हात

उपनगरात राहणाऱ्यांना चित्रपटसृष्टी तशी शेजारचीच. मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी राहिली, पुढे गोरेगावला फिल्मिस्तान आले, अंधेरीला फिल्मालय आले आणि १९७७ साली गोरेगावचीच चित्रनगरी. नटनट्यांचे बंगले आपल्या मुलांनाही ठाऊक असतात. मात्र पहाटेच्या लोकलमधून मेकअपची पेटी सांभाळत उतरणारा रंगभूषाकार आपल्या नजरेत भरत नाही. पडद्यावर त्याचे नाव येते, तेव्हा प्रेक्षक दाराकडे निघालेला असतो.

पंढरीनाथ जुकर हे असेच एक नाव. सारी चित्रसृष्टी त्यांना पंढरीदादा म्हणे. १७ फेब्रुवारी २०२० रोजी वयाच्या ८८व्या वर्षी ते गेले. बाबा वर्दम यांच्या हाताखाली घडलेल्या दादांनी कित्येक दशके या कलेची सेवा केली. गोवा मुक्तिसंग्रामावरील ‘सात हिंदुस्थानी’ (१९६९) हा अमिताभ बच्चन यांचा पहिला चित्रपट. त्यात त्यांना दाढी हवी होती. पैसा बेताचा आणि दादांना मध्येच दुसऱ्या कामासाठी जाणे भाग होते. त्यांनी केस चिकटवून दाढी बसवली आणि ती जपण्यास सांगून ते निघाले. अमिताभनी तितके दिवस तोंड धुतले नाही! हा प्रसंग त्यांनी स्वतःच पुढे कृतज्ञतेने सांगितला. अंगावर दिवसरात्र वागवूनही टिकणारी दाढी हे हस्तकौशल्य नव्हे, तर दुसरे काय?

या कलेमागे शास्त्रही आहे. नाटकाचा रंगभूषाकार शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासाठी रंग भरतो. कॅमेरा मात्र हातभर अंतरावरून पाहतो. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, त्यात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसत नसे. लाल ओठ पडद्यावर काळे उमटत. म्हणून चेहरा आरशात कसा दिसतो यापेक्षा तो फिल्मवर कसा उतरेल, याचे गणित मनात मांडूनच ब्रश उचलावा लागे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस सर्व रंग टिपणारी फिल्म रूढ होऊ लागली, नंतर रंगीत चित्रपट आला आणि आता डिजिटल कॅमेऱ्याला दाढीच्या जाळीची कडाही दिसते. प्रत्येक वेळी जुने विसरून नवे शिकावे लागले. हे शिक्षण पुस्तकातून नव्हे, गुरूच्या शेजारी उभे राहून झाले.

या कलेची दखल आपण कशी घेतली? राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार १९५४ साली सुरू झाले. रंगभूषेसाठी स्वतंत्र पुरस्कार मिळू लागला तो २००६ सालच्या चित्रपटांपासून. पहिला मान ‘ट्रॅफिक सिग्नल’साठी अनिल मोतीराम पालांडे यांना मिळाला. पुढे ‘मोनेर मानुष’, ‘द डर्टी पिक्चर’, ‘जातिश्वर’ अशा चित्रपटांसाठी विक्रम गायकवाड यांनी तो वारंवार पटकावला. सुबोध भावे यांच्या चेहऱ्यातून बालगंधर्व साकारणारा हा कलावंतही १० मे २०२५ रोजी गेला. एकेक ज्येष्ठ जातो, तेव्हा न लिहिलेला एक ग्रंथच जातो.

परंपरेचा गौरव करताना तिचे दोषही मान्य केले पाहिजेत. मुंबईतील रंगभूषाकारांच्या संघटनेने वर्षानुवर्षे स्त्रियांना केशभूषेपुरतेच मर्यादित ठेवले; रंगभूषाकार म्हणून त्यांना सदस्यत्व नव्हते. चारू खुराणा यांच्या याचिकेवर १० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी घटनाबाह्य ठरवली. पुरुषांचे पोट या धंद्यावर आहे, ही संघटनेची भीती समजू शकते. परंतु ज्या पडद्यावर एके काळी तारामती साकारायला स्त्री मिळत नव्हती, त्याच पडद्यामागे शतकभरानंतर स्त्रीला ब्रश धरू न देणे ही परंपरा नव्हे, मक्तेदारी होती. विद्या देणाऱ्याने शिष्याची पात्रता पाहावी, तो मुलगा आहे की मुलगी, हे नव्हे.

मुंबईत २०१९ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. आज हयात असलेल्या ज्येष्ठ रंगभूषाकारांच्या मुलाखती, त्यांचे हात काम करतानाचे चित्रण आणि त्यांच्या पेट्या तेथे जतन व्हायला हव्यात. त्यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत, आस्था लागते.

आपणही काही करू शकतो. बोरिवली असो वा मुलुंड, गणेशोत्सवातील नाटकाला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाला पेटी घेऊन येणारे मेकअपवाले काका आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांनी लावलेल्या दाढीमिशांनी आपल्याच घरातील मुलगा घटकाभर शिवराय झाला, त्याचे छायाचित्र आजही भिंतीवर असेल. त्या काकांचे नाव आपल्याला आठवते का? यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत ते नाव छापण्यापासून आरंभ करता येईल.