टाळ्या नकोत, बूथ सांभाळा

विद्यार्थी आमदारकीला उभा राहिला की दोन प्रकारची माणसं पुढे येतात. पहिली म्हणतात, "आधी शिक्षण पूर्ण कर, नोकरीला लाग, मग राजकारण बघ." दुसरी म्हणतात, "लढ भावा, अख्खा समाज तुझ्या पाठीशी आहे." पहिल्यांचा विरोध उघड असतो, म्हणून त्यांना उत्तर देणं सोपं आहे. आमचं खरं भांडण दुसऱ्यांशी आहे. कारण स्टेटसला फोटो ठेवणारा हा 'अख्खा समाज' मतदानाच्या दिवशी बूथवर सापडत नाही.

शेजारच्या तेलंगणातलं उदाहरण घ्या. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत कोल्लापूर मतदारसंघातून कर्ने शिरीषा ही दलित तरुणी अपक्ष उभी राहिली. लोक तिला 'बर्रेलक्का', म्हणजे म्हशीवाली ताई, म्हणतात. पदव्या घेऊनही सरकारी नोकरीची जाहिरात निघत नाही, म्हणून म्हशी राखतेय, असा तिचा व्हिडिओ गाजला होता. त्यापायी तिच्यावर गुन्हाही दाखल झाला. स्पर्धा परीक्षेच्या रांगेत उभ्या असलेल्या हजारो पोरापोरींचा प्रश्न घेऊन ती शिट्टी या चिन्हावर लढली. मतदारसंघ राखीव नव्हता, खुला होता. प्रचारात तिच्या भावावर हल्ला झाला आणि संरक्षणासाठी हायकोर्टाचं दार ठोठवावं लागलं. देशभर तिचं नाव झालं. पेट्या उघडल्या तेव्हा तिला मतं होती सुमारे पावणेसहा हजार. अनामत रक्कम गेली.

यावरून कोणी म्हणेल की तिने उभंच राहायला नको होतं. आम्हाला ते मान्य नाही. खुल्या जागेवर, पक्ष नाही, पैसा नाही, जातीचं पाठबळ नाही, तरी एका दलित मुलीला पावणेसहा हजार लोक मत देतात ही लहान गोष्ट नाही. पण व्हिडिओ बघणाऱ्या लाखोंपैकी कोल्लापूरचे मतदार किती होते? बाहेरच्या टाळीला मताचा अधिकार नसतो.

आता 'आधी शिक्षण' वाल्यांकडे वळू. संविधानाच्या कलम १७३ नुसार विधानसभेसाठी वयाची पंचवीस वर्षं पूर्ण हवीत. म्हणजे उभा राहू शकणारा विद्यार्थी बहुतेक वेळा एम.ए. किंवा पीएच.डी. करणारा, नाहीतर परीक्षांच्या तयारीत वर्षं घालवणारा असतो. तो काही अजाण पोर नाही. बार्टीच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानावर उपोषणाला बसलेले संशोधक कोण होते? त्यांच्या फेलोशिपचा पैसा ज्या अर्थसंकल्पातून येतो, तो विधिमंडळातच मंजूर होतो. ज्याच्या ताटातला घास तिथे ठरतो, त्याने तिथे जाऊ नये, हा कुठला न्याय?

शिवाय महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याची पहिली पायरीच काढून घेतलेली आहे. महाविद्यालयांतल्या खुल्या निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात त्या पुन्हा आल्या, पण कागदावरच राहिल्या. प्रस्थापितांच्या घरातल्या पोराला याने फरक पडत नाही. त्याची शाळा साखर कारखान्यात, बँकेत, जिल्हा परिषदेत भरते. आपल्या पोराला मात्र जयंती मंडळाच्या पलीकडे संघटना चालवायला शिकवणारी जागाच उरलेली नाही.

म्हणूनच बाबासाहेबांकडे बघायला हवं. ते निवडणुकीला एकटे उभे राहिले नाहीत. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, जाहीरनामा लिहिला, उमेदवार निवडले आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात सहकाऱ्यांसह गेले. त्याच वर्षी त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि १९३८ च्या जानेवारीत त्याच मागण्यांसाठी कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने आले. आत विधेयक, बाहेर मोर्चा, मध्ये पक्ष. १९५२ मध्ये उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या काजरोळकरांनी त्यांचा पराभव केला, तरी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभं होतंच. आणि आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, १९५६ मध्ये, त्यांनी राजकारणात उतरणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू केली. आपण मात्र आज उमेदवाराला अर्ज भरायच्या आदल्या आठवड्यात शोधतो.

आता हिशेब मांडू. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला अनामत पाच हजार. अपक्षाला सूचक लागतात दहा. एवढं कोणत्याही वस्तीत एका संध्याकाळी जमतं, म्हणूनच उभं राहणं सोपं वाटतं. पुढचं ऐका. उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराच्या खर्चाला मर्यादाच नाही. मतदारसंघात तीन लाख मतदार असतील आणि एका बूथवर बाराशे धरले, तर अडीचशे बूथ झाले. प्रत्येक बूथवर सकाळपासून यंत्र सील होईपर्यंत बसणारा पोलिंग एजंट हवा. किती मतं पडली त्याचा नमुना १७ सी त्यानेच हातात घ्यायचा असतो. अडीचशे बूथ, निदान अडीचशे माणसं. टाळ्या वाजवणाऱ्यांनी आपलं नाव कोणत्या बूथच्या यादीत आहे ते सांगावं.

निकालानंतर 'मतं खाल्ली' हा आरोप ठरलेला. आम्ही विचारतो, मतं कोणाच्या बापाची? आपल्या वस्तीचं मत ज्यांना आयतं हवं असतं, त्यांना आपला उमेदवार कायम उपराच वाटणार. पण या आरोपाला भाषणाने उत्तर मिळत नाही. पाच वर्षं वस्तीत काम केलेला उमेदवार असेल तर लोकच उत्तर देतात. महिनाभरात उगवलेला असेल तर आपलेही लोक कुजबुजतात की याला कोणीतरी उभा केलाय.

तेव्हा आमचं म्हणणं साधं आहे. विद्यार्थ्याने लढावं, राखीव जागेवर लढावं, खुल्या जागेवरही लढावं. मात्र उमेदवार संघटनेने ठरवावा, आणि तोही निवडणुकीच्या निदान दोन वर्षं आधी. विहाराविहारात मतदारयादी वाचली जावी. अठरा पूर्ण झालेल्या पोरापोरींची नावं नोंदली जावीत. जयंतीच्या वर्गणीतला ठराविक हिस्सा निवडणूक निधीला जावा आणि त्याचा हिशेब भिंतीवर लावला जावा. आणि पडलेल्या उमेदवाराला निकालाच्या दुसऱ्या दिवशी एकटं सोडू नये. त्याची थकलेली फेलोशिप, त्याच्यावरचे गुन्हे, त्याचं राहिलेलं शिक्षण ही संघटनेची जबाबदारी आहे.

'संघटित व्हा' हे आपण भिंतीवर रंगवतो. ते बूथच्या यादीत उतरलं पाहिजे. एवढं करायची तयारी नसेल, तर कृपा करून आपल्या पोरांना 'लढ' म्हणू नका.

जय भीम!