वेल्डिंगची केबल आणि वेल्डरचा जीव

गेल्या पावसाळ्यात दिल्लीजवळच्या एका शेडमध्ये ठेकेदाराकडचा एक वेल्डर पिटमध्ये उतरून इंजिनाखाली काम करीत होता. पिटमध्ये पाणी, हातमोजे भिजलेले, केबलवर तीन ठिकाणी काळी टेप. त्यातल्या एका जोडाला कोपर लागले आणि तो फेकला गेला. मनगट मोडण्यावर निभावले. चौकशीचा निष्कर्ष ठरलेलाच : कामगाराचा निष्काळजीपणा! केबल कोणी घेतली, किती वर्षे वापरात होती, टेप कोणी मारायला लावली, हे विचारलेच गेले नाही. आमच्या प्रतिनिधीने विचारले, तेव्हा केबल भंगारात गेली होती.

वेल्डिंगच्या मशीनला ८० व्होल्टच तर असतात, त्याने काय होते, असे सांगणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिले. चाप पेटलेला असताना व्होल्टेज पंचवीसच्या आसपास येते. पण काम थांबवून कांडी बदलताना होल्डरवर ७०-८० व्होल्ट उभे असतात. घामाने निथळणारा माणूस लोखंडाला पाठ लावून बसला असेल, तर तेवढे जीव घ्यायला पुरेसे आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यात टाकी, खड्डा अशा कोंदट जागेत पुरेशी सुरक्षा-सोय नसेल तर २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा हातदिवासुद्धा नेण्यास मनाई होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. कायदा बदलला, माणसाचे कातडे बदललेले नाही.

आता खरेदीचे पाहू. वेल्डिंग केबलसाठी आय. एस. ९८५७ हे भारतीय मानक आहे. त्यात तांब्याची केबल बसते आणि ॲल्युमिनियमचीही. ॲल्युमिनियम वाईट असे आमचे म्हणणे नाही. पण ते तांब्याच्या साधारण साठ टक्केच वीज वाहते, म्हणून जाडी वाढवून घ्यावी लागते. टेंडरमध्ये सर्वांत कमी भाव पाहिला जातो आणि जाडी तीच राहते, तिथे घात होतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही तांबे म्हणून खपवली जाते. ओळखायला प्रयोगशाळा नको. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी निघाली की समजा. किंवा वजन करा : ५० चौरस मि.मी.च्या केबलमध्ये मीटरमागे नुसते तांबेच सुमारे ४४५ ग्रॅम असते, ॲल्युमिनियम भरते जेमतेम १३५.

बारीक केबलचा भुर्दंडही वेल्डरच्याच माथी येतो. मशीन ३० मीटर लांब असेल तर जाण्यायेण्याची मिळून ६० मीटर केबल लागते. २०० ॲम्पियरला ५० चौ. मि.मी. तांब्यात सुमारे ५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. २५ च्या केबलमध्ये ९ च्या वर. म्हणजे जवळजवळ दोन किलोवॅट उष्णता, दोन इस्त्र्या सतत चालू ठेवल्यासारखी. उरलेली केबल वेटोळे करून ठेवली की ती उष्णता बाहेर पडत नाही. त्यात दिल्लीचा मे-जून, वर डिझेल-तेलाचे डाग. साधे रबर फुगून मऊ होते. तेल आणि उष्णता सोसणारे वेष्टण म्हणूनच मागायचे. इकडे चाप नीट लागत नाही, वेल्ड कच्चे पडते आणि मेमो मिळतो वेल्डरला.

परतीच्या केबलबद्दल मात्र आपल्या बांधवांनाही दोन शब्द ऐकवणे भाग आहे. क्लॅम्प रुळाला अडकवायचा आणि वेल्डिंग इंजिनाच्या बॉडीवर करायचे, ही सवय सोडली पाहिजे. तो करंट ॲक्सलबॉक्सच्या रोलर बेअरिंगमधून रुळाकडे जातो, रोलरवर बारीक खड्डे पाडतो, आणि पुढे कधीतरी चालत्या गाडीत तेच बेअरिंग गरम होते. तिथे आपलाच ड्रायव्हर आणि प्रवासी असतात. क्लॅम्प जिथे वेल्ड तिथेच, घासून साफ केलेल्या धातूवर लावावा. परतीची केबलही पूर्ण जाडीची हवी; सळ्या नि पत्र्याचे तुकडे जोडून ‘अर्थ’ केल्याने दुसऱ्या केबलचे पैसे वाचतात ते प्रशासनाचे, आणि ठिणगी पडते ती आपल्या पायाशी.

माटुंगा, परळ, भुसावळपर्यंत जिथे हा अंक जाईल तिथल्या वेल्डरांनी पाळी सुरू होताना केबल हाताखालून एकदा फिरवावी, अर्थात मशीन बंद करून. तांबे दिसले, लग सैल असला, होल्डरचे वेष्टण फुटले असले, तर काम घेण्याआधी सुपरवायझरला लेखी कळवावे आणि एक प्रत शाखेकडे द्यावी. ठेक्यावरच्या भावांना असे लिहून देणे परवडत नाही, दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवतात. त्यांच्यासाठी आपल्या शाखेने लिहावे.

पी. एन. एम.च्या पुढील बैठकीसाठी आम्ही तीन मुद्दे दिले आहेत : केबल खरेदीच्या तपासणीत वेल्डरांचा एक प्रतिनिधी, टेपच्या जोडांना बंदी, आणि अपघातानंतर चौकशी संपेपर्यंत केबल सीलबंद.